करवतीचं पातं

रुपाबाईचा उजवा हात दुखत होता आणि तिच्या नवऱ्यानं खिशात करवतीचं पातं आणलं होतं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी दर सोमवारी अकोल्याहून वाशीमच्या दवाखान्यात यायची, मान-कंबर धरलेल्यांना तपासून व्यायाम शिकवायला. लोक काठ्या, कुबड्या, तेलाच्या बाटल्या घेऊन येत. करवत पहिल्यांदाच आली.

"बाई, तुमीच कापा," लालसिंग म्हणाला. "माह्यं ऐकत नाई थे."

मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचं हे जोडपं. दुष्काळी कामावर खडीच्या पाट्या वाहताना रुपाबाईची मान धरली, मग हाताला मुंग्या आल्या, आणि आता बोटांतून भाकरीचा तुकडाही सुटायचा. कुणा डॉक्टरनं निकाल देऊन टाकला होता: दंडावरच्या पांढऱ्या बांगड्यांनी, बलियांनी, रक्त अडतं, त्या कापा, नाहीतर हात जाईल. कोपराच्या वरच्या त्या बलिया बंजारा बाई नवरा गेल्यावरच उतरवते. रुपाबाईनं डावा हात त्यांच्यावर घट्ट दाबून धरला होता, जशी काही चोर मीच.

"मी जित्ता हाव न!" लालसिंग ओरडला. "मीच सांगून राह्यलो, काप!"

"जित्ता हायेस म्हनूनच नाई कापत. हात जाऊ दे."

मला दोघांचाही राग आला. हात जाऊ दे म्हणे! हात काय बाजारात मिळतो? पण खरा राग आला तो न बघता निकाल देणाऱ्याचा. मी बलियांखाली बोट घातलं, ते सहज फिरलं. मनगटाची नाडी ठणठणीत लागत होती. मग तिच्या अंगठ्यात आणि बोटात कागदाचा कपटा धरायला दिला आणि ओढला. लगेच सुटला.

"ते पातं आत ठेवा," मी लालसिंगला म्हटलं आणि तिला स्टुलावर बसवलं.

तिची मान उजवीकडे वळवली आणि तशीच डावा कान छातीकडे झुकवला. छान गेली. मग उलट केलं: मान डावीकडे, उजवा कान छातीकडे. अर्ध्यातच अडली, दाराला आतून अडसर असावा तशी. गळपट्टीच्या हाडामागे अंगठा ठेवून मी तिला श्वास सोडायला सांगितलं. डावीकडची पहिली बरगडी अंगठ्याखाली दबली. उजवीकडची वर चढून बसली होती, हलायचं नाव नाही. जरा जोर दिला तर मुंग्या थेट करंगळीत.

"हेच! हेच दुखते बाई!"

"डोक्यावरची पाटी कोणत्या हातानं धरता?"

तिनं उजवा हात वर केला आणि तो वर जातानाच कळवळली.

"बलियांचा काही गुन्हा नाही," मी म्हटलं. "पाट्या वाहून ही बरगडी वर चढलीय, ती हाताची नस दाबते. बलिया राहू देत."

रुपाबाई रडायला लागली. माझेही डोळे भरले. भरले तर भरले.

त्यानंतर ती दर सोमवारी येत राहिली. ती श्वास सोडायची, मी बरगडी दाबायची, मग मानेचे व्यायाम. पाटी लालसिंगनं उचलायची असं मी बजावलं. त्याला तांडा हसला म्हणे. हसू दे.

पोळ्याच्या सुमारास ती आली तेव्हा मान दोन्हीकडे सारखी झुकली. मी कागद शोधू लागले, तर तिनं नवऱ्यापुढे हात केला.

"थे पातं दे. मले ठाव हाये, अजून खिशातच हाये तुह्या."

लालसिंग ओशाळला. त्यानं पातं काढलं. रुपाबाईनं ते अंगठ्यात आणि बोटात धरलं.

"ओढ."

त्यानं ओढलं. सुटलं नाही. पुन्हा ओढलं.

"बरं, आता सोड," तो हसत, डोळे पुसत म्हणाला.

तिनं सोडलं नाही.