रस्त्याकडची भिंत

अनसेल्मोने चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. अर्ध्या गावाच्या भिंती त्याच्या हातच्या, आणि स्वतःच्या अंगणाला मात्र तारेची जाळी. आता गावाला शोभेची हौस आली होती. नवा नियम निघाला: रस्त्याकडच्या कुंपणाला जाळी नको, पत्रा नको, फळ्या नकोत, दगडाची नाहीतर सिमेंटच्या ब्लॉकची पाच फुटी अखंड भिंत हवी. चहूकडे नुसतं वाळवंट, त्यात काय शोभायचं ते नगरपालिकेच्या सभासदांनाच ठाऊक.

नोटीस घेऊन मार्सेला आली. शेजारची मुलगी, नगरपालिकेत तपासनीस; त्याला लहानपणापासून तिओ, म्हणजे काका, म्हणायची. अनसेल्मोने तिला बायकोचं सांगून पाहिलं. अमालियाला दोन वर्षांपासून काही आठवेनासं झालं होतं. एकदा जूनच्या उन्हात ती तीन मैल चालत गेली. एका ट्रकवाल्याने आणून सोडली म्हणून वाचली. तेव्हा त्याने जाळी ठोकली. जाळी धरून ती दिवसभर रस्ता बघायची, नवरा कामावरून येईल म्हणून. रस्ता दिसला की शांत असायची. नाहीतर दारं बडवायची.

"तिओ, मला का कळत नाही?" मार्सेला म्हणाली. "पण तुम्हाला सूट दिली, तर उद्या सगळं गाव माझ्या दारात."

"येऊ दे की. तुझ्या दारालाही भिंत बांधून देईन."

ती हसली नाही. साठ दिवसांची मुदत सांगून गेली.

एकोणसत्तराव्या वर्षी ब्लॉक उचलायचे म्हणजे कंबर बोलायला लागते. पण तो खरा थकला होता तो अमालियाला रोज नव्याने आपलं नाव सांगून. जाळी शेवटी काढायची म्हणून तो रस्त्याच्या बाजूने बांधत होता. भिंत वाढत गेली तशी अमालिया उरलेल्या उघड्या जागेकडे सरकत गेली.

पन्नासाव्या सकाळी वरच्या थरात एकाच ब्लॉकची जागा उरली. अनसेल्मोने कडांना सिमेंटचा माल लावला. आतून अमालियाचे डोळे नेमके तिथे आले.

"अहो मिस्त्री," ती हळूच म्हणाली, "एवढं उघडं राहू द्या. आमचे हे कामावरून यायचेत. मी दिसले नाही तर त्यांना वाटेल, घरी कुणी नाही."

अनसेल्मोने हातातला ब्लॉक खाली ठेवला.

"कधी येणार म्हणालात?"

"हे काय, येतीलच आता."

मार्सेला तपासायला यायला दहा दिवस होते. त्याने थापी घेतली आणि कडांवरचा ओला माल खरवडून काढला.