तळ्यात गोठलेली बादली

मी एक लाकडी बादली. आत्ता माझ्यात गळ्यापर्यंत पाणी आहे, म्हणून बोलायला हुरूप आलाय. कोरडी होते तेव्हा तोंडून शब्द फुटत नव्हता.

पाइनच्या चौदा फळ्या आणि दोन लोखंडी पट्ट्या, एवढाच माझा देह. आर्मासच्या वडिलांनी मला घडवलं तेव्हा या घरात वीज नव्हती. स्वयंपाकघरात, गोठ्यात, सौनात म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, सगळीकडे पाणी मीच पोचवायचे. पुढे तळ्यातलं पाणी खेचणारा पंप बसला आणि आर्मासच्या बायकोने, लेम्पीने, मला चुलीशेजारी ठेवून माझ्यात वाळकी फुलं खोचली. पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवायची. मी मात्र ऊब खाऊन खाऊन आतून आक्रसत चालले होते.

दोघंही आता सत्तरीला आलेत. सगळ्यात जवळचं घर सहा किलोमीटरवर. मुलगी सातू पाठीस लागली होती, "शहरात फ्लॅट घ्या." लेम्पीला पटलं, आर्मासला नाही. शेवटी तो ऐटीत म्हणाला, "या हिवाळ्यात सलग तीन दिवस वीज गेली, तर घर मी स्वतः विकायला काढतो. नाही गेली, तर पुन्हा विषय नको."

"शब्द?"

"शब्द."

जानेवारीतल्या एका बुधवारी वादळ आलं. झाडं तारांवर कोसळली, भिंतीवरचं विजेचं घड्याळ नऊ वीसवर थांबलं आणि पंपही गप्प झाला. आर्मास प्लास्टिकची बादली घेऊन तळ्यावर गेला. थंडीने कडक झालेली ती बादली बर्फावर आपटली आणि काचेसारखी फुटली.

मग माझी आठवण झाली! फुलं काढली गेली, मला तळ्यावर नेलं. बर्फात कुऱ्हाडीने पाडलेल्या भोकातून मी भरून वर आले आणि घरी पोचेपर्यंत रिकामी झाले. आक्रसलेल्या फळ्यांतून सगळं पाणी गळून गेलं होतं. शरमेने मेल्यासारखं झालं.

"भिजत घालतो हिला, फुगेल," आर्मास म्हणाला. दोरी बांधून त्याने मला त्याच भोकात बुडवलं आणि कॉफी प्यायला घरात गेला. चुलीपाशी डोळा लागला. इतकी वर्षं तळ्याकाठी काढलेला माणूस, पण भोकावर झाकण टाकायचं विसरला!

सकाळी भोक गायब. गुळगुळीत बर्फातून माझी दोरी तेवढी शेपटीसारखी वर आलेली.

लेम्पीने ते पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मासा मोठा लागलाय हं! ओढ, ओढ!"

"हसू नकोस. कुऱ्हाड आण."

"आणते की. पण आधी हसून घेते."

आणि ती हसली. हसता हसता बर्फात बसली. सबंध शरदात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तासभर दोघांनी आळीपाळीने बर्फ फोडला. मी बाहेर आले, टम्म फुगलेली. आता एक थेंब गळेना! पुढच्या दोन दिवसांत मी किती खेपा केल्या, मोजल्या नाहीत.

शनिवारी सौना तापवायलाच हवा, वीज असो नसो. पाणी अर्थातच मी नेलं. तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं, वाफ उठली आणि दोघं लालबुंद होऊन घरात परतली. मेणबत्तीच्या उजेडात आर्मासने बुधवारपासूनचे दिवस बोटांवर मोजले.

"तीन दिवस झाले," तो हळूच म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द. सातूला कळव, घर विकायला काढूया."

लेम्पीने केस पुसत भिंतीकडे पाहिलं.

"कुठले तीन दिवस? घड्याळात तर अजून नऊ वीसच झालेत."

"ते बंद आहे गं!"

"बंद आहे की चालू, ते माझं मी बघेन. शहरात नळ सोडला की पाणी. तिथे हसू कुणाला?"

मला उचलून आर्मासने पुन्हा तळ्याची वाट धरली, मी काठोकाठ भरलेली असतानाही.

रविवारी वीज आली. फुलं चुलीत गेली. घड्याळ मात्र लेम्पीने मुद्दाम बंदच ठेवलंय. मी दाराशी भरलेली उभी आहे. एवढंच मागते, मला पुन्हा शोभेची करू नका. थोडं पाणी राहू द्या माझ्यात.