प्रश्न लॉन्ड्रीच्या मालकाला

ऑफिसात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे फाइलताई, आणि तिला दोन्ही ठाऊक होतं. कंपनी एवढीशी. लोकांची ऑफिसं झाडून-पुसून द्यायची, माणसं अकरा, गाडी एक. कागद मात्र एखाद्या कारखान्याला लाजवतील इतके, आणि ते सगळे फाइलताईच्या ताब्यात. बाई नाकासमोर चालणारी. कागदावर लिहिलं म्हणजे झालं, असा तिचा भाबडा विश्वास होता.

कंपनीच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून दरवर्षी एक फॉर्म यायचा. तुम्ही ज्यांच्याकडून काम करून घेता, तिथे कुणाला जबरदस्तीने राबवलं जातं का? कुणाची कागदपत्रं काढून घेतली आहेत का? कामगारांना बाहेर जायची मुभा आहे का? फाइलताई फोन उचलायची आणि लॉन्ड्रीच्या मालकाला हे प्रश्न एकेक करून वाचून दाखवायची. तो "छे हो ताई, काहीतरीच काय" म्हणायचा. ती फॉर्मवर खूण करायची. आता चोरालाच विचारलं की बाबा रे, चोरी केलीस का, तर तो काय हो म्हणणार आहे? पण तीन वर्षं हे असं चाललं आणि कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही.

या लॉन्ड्रीत कंपनीचे गणवेश धुवायला जात. दर मंगळवारी गाडीवाला दादा मळकी बोचकी टाकायचा आणि धुतलेली घेऊन यायचा. ती बोचकी सोडून कपडे कपाटात लावायचं काम फाइलताईचं. एकदा तिला दिसलं, एका गणवेशाची उसवलेली बाही कुणीतरी शिवून पाठवली आहे. सांगितलं नव्हतं कुणी. पुढच्या आठवड्यात आणखी एक. टाके बारीक, एकसारखे, मन लावून घातलेले. धुण्याआधी लॉन्ड्रीत खिसे तपासतात हे तिला माहीत होतं. तिने कागदाच्या तुकड्यावर "छान शिवलंत" एवढंच लिहिलं आणि मळक्या गणवेशाच्या खिशात सरकवलं. मंगळवारी धुतलेल्या गणवेशाच्या खिशातून उत्तर आलं: "आईने शिकवलं."

फाइलताईचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. धाकटी बहीण होती, पण ती तिच्या संसारात बुडालेली. संध्याकाळी दार लावलं की सकाळी ऑफिसात येईपर्यंत फाइलताईच्या तोंडून एक शब्द निघत नसे. कधीकधी ती उगाच खोकून बघायची, आवाज शाबूत आहे ना म्हणून. अशा बाईला ऐकणारं कुणी भेटलं की काय होणार? बांधच फुटला. गुडघे दुखतात. बहिणीने वाढदिवसालाही फोन केला नाही. शेजारीण स्वतःचा कचरा माझ्या दारात सरकवते. आधी दोन ओळी, मग पान, मग पाठपोट. उलट यायची ती एखादी ओळ. "गुडघ्यांना शेक द्या." "तुम्हीच फोन करा, त्याने मोठं माणूस लहान होत नाही."

चार महिने असे गेले. मंगळवारी फाइलताई जरा बरे कपडे घालून, केस नीट बांधून येऊ लागली. गाडीवाल्या दादाच्या मनात भलतंच आलं आणि बिचारा तिच्यासमोर लाजायला लागला.

मग एका मंगळवारी चिठ्ठी आली ती अशी: "उत्तराला उशीर झाला. कागद लपवावा लागतो. आमचं दार बाहेरून बंद असतं आणि आमची कागदपत्रं शेठकडे आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत?"

फाइलताईने ती दोनदा वाचली. ती चिठ्ठी घेऊन साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कायम घाई असायची.

"ताई, आपली पद्धत लिहिलेली आहे ना? मग तसं करा."

पद्धत होती. तिनेच लिहिली होती. शंका आल्यास पुरवठादाराला लेखी कळवावे व चौदा दिवसांत खुलासा मागवावा. फाइलताईने पत्र लिहिलं: आपल्याकडील एका कामगार महिलेकडून आम्हास समजले आहे की... सही केली, शिक्का मारला, पाठवून दिलं. त्या रात्री तिला शांत झोप लागली. आपण कुणासाठी तरी काही केलं, असं तिला किती वर्षांनी वाटलं होतं.

पुढच्या मंगळवारी खिसे रिकामे आले. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. खुलासा मात्र मुदतीच्या एक दिवस आधीच हजर. सर्व कामगार स्वखुशीने काम करतात. संबंधित महिला काम सोडून गेली आहे.

"मिटलं," साहेब म्हणाले. "लावा फाइलला."

फाइलताई कागदाला भोकं पाडायचा पंच हातात घेऊन बसली. एका कामगार महिलेकडून. तिथे लिहिणाऱ्या अशा किती असणार? आपण तिला बोट दाखवून पकडून दिलं, तेही शिक्का मारून. तिने पंच खाली ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा रजेचा अर्ज न देता ऑफिसातून बाहेर पडली. थेट कामगार खात्यात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खात्याच्या अधिकारी बाई पोलीस घेऊन लॉन्ड्रीवर गेल्या. दाराला बाहेरून कडी होती. आत सहा बायका सापडल्या. सातवी नव्हती. पत्र पोहोचलं त्याच दिवशी तिला गाडीत घालून कुठेतरी हलवलं होतं, आणि कुठे ते सांगायला मालक तयार नव्हता.

दुपारी खात्याच्या खोलीत अधिकारी बाईंनी फाइलताईला समोर बसवलं. "वर्णन सांगा. वय? उंची?"

"मी तिला कधी पाहिलेलंच नाही."

"चार महिने पत्रव्यवहार होता म्हणालात ना? गाव, घरचं कोणी? काहीतरी सांगितलं असेल."

"तिला आईने शिवण शिकवलं," फाइलताई म्हणाली.

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, रागावू नका, पण तुमचं ते पत्र मालकाऐवजी आधी आमच्याकडे आलं असतं, तर आज तिला शोधावं लागलंच नसतं."

फाइलताईने नुसती मान हलवली. रागवायला तोंड कुठे होतं?

सुटलेल्या सहाजणी भिंतीलगतच्या बाकावर बसल्या होत्या. वर्णन शेवटी त्यांनीच दिलं: बुटकी, सावळी, तिशीतली, मनगटावर इस्त्रीचा डाग. फाइलताई उठून त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईशेजारी जाऊन बसली.

"माझ्याबद्दल ती काय म्हणायची?" तिने विचारलं, आणि विचारल्यावर स्वतःचीच लाज वाटून म्हणाली, "नाही, ते राहू दे. तिचं सांगा. ती कशी होती?"

"बडबडी," ती बाई म्हणाली. "इस्त्री करतानाही तोंड चालू. तुमची चिठ्ठी आली की आधी उलटीसुलटी करून बघायची, कुठे प्रश्न आहे का. म्हणायची, बाईंनी एकदा मला विचारलं ना, की मग सगळं लिहिते."