काळं पडलेलं कडं

सुनेचे पैंजण काळे पडले तेव्हा मी तोंडावरच विचारलं, "सुरेखा, तुझ्या बापाने चांदी दिली की कथील गो?"

माझा सुधीर बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहतो. मागच्या भिंतीला लागूनच कंपनीची जुनी गॅसची लाइन. तो गॅसच लोखंडाला आतून खातो म्हणे. गळेल तिथे पट्टी मारत लाइन चालू ठेवायची, हे सुधीरचं काम. सडक्या अंड्यांचा वास तिथे कायमचा. गावाहून, उमरठहून आले की पहिल्या दिवशी मला ओकारी येते, मग वास काय कळत नाय.

खरी चांदी कशी असते ते सुनेला दिसावं, म्हणून संध्याकाळी मी माझं कडं राखेने लख्ख घासलं आणि मागच्या खिडकीत तिच्या पैंजणांशेजारी ठेवलं. माझ्या सासूचं कडं ते.

सकाळी सुधीर चहा पिताना म्हणाला, "आज लाइन खोलून सडका तुकडा काढायचाय. कालच बंद केलीय. वासपण गेला बघ."

"मास्क घ्या," सुरेखा म्हणाली.

"रिकाम्या लाइनला कशाला? घामाने जीव जातो त्यात."

तो पाना घेऊन निघाला. मी खिडकीतून कडं उचललं, तर तव्यागत काळं!

"काय चोळलंस गो माझ्या कड्याला?"

"देवाशपथ, हात नाय लावला, आत्याबाय."

माझा आवाज ऐकून सुधीर दारातून मागे फिरला. कडं हातात घेऊन बघत राहिला.

"आये, हे कधी घासलंस?"

"काल. तू येऊन लाइन बंद केली म्हणालास, त्याच्यानंतर. तुझ्यासमोर तर घासलं!"

त्याने हातातला पाना खाली टाकला.

"बंद नाय झाली ती. गॅस येतोय अजून, त्यानेच चांदी काळी पडते. आपली नाकं मेलीत. शेगडी बंद कर सुरेखा, आणि दोघी वर रस्त्याला चला. आत्ताच्या आत्ता!"

आजूबाजूच्या खोल्याही त्याने दारं बडवून रिकाम्या केल्या. मग फोनवर सायबाला असा ओरडला की माझाच मुलगा मला ओळखू येईना. नंतर कळलं, लाइन बंद करायच्या व्हॉल्व्हमध्ये गंजाचा खपला अडकला होता. म्हणून व्हॉल्व्ह पुरता बसलाच नव्हता.

रस्त्यावर सुरेखा माझं कडं पदराने पुसत होती.

"आत्याबाय, हेपण कथलाचं का हो?"

माझे डोळे कंपनीच्या फाटकाकडे. सुधीर परत आत चालला होता, पण तोंडावर मास्क होता.

मग मी कडं तिच्या हातातून ओढून घेतलं, तसंच काळं मनगटात घातलं.