एकशे अठ्ठ्याऐंशी ठिपक्यांचा पाय

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर तुम्हाला वाटेल, कुणीतरी चपलेचा तळ लाकडात कापून ठेवला आहे. पण मी एक फर्मा आहे, जुना, सागवानाचा, करंगळीएवढ्या जाडीचा. मला फळीवर ठेवायचं, कडेने शिसपेन्सिल फिरवायची आणि त्या रेषेवर करवत चालवायची, की माणसाच्या पावलाचा आकार निघतो. नागपुरातल्या एका इस्पितळाच्या मागे कार्यशाळा होती. अपघातात ज्यांचा पाय गेला त्यांच्यासाठी तिथे लाकडी पाय बनत. त्या पायांची पहिली रेघ माझ्या कडेने ओढली जाई.

मला घडवलं आनंदरावांनी, १९६४ साली. ते काटोलकडच्या एका खेड्यातले. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन परतल्यावर त्यांच्या वडिलांनी गावकीची कामं कायमची सोडली आणि मुलाला सांगितलं, "आता तू हुन्नर शिक. कोनाच्या दारात उभं राहाची पाळी नाही आली पाहिजे." गावातल्या सुताराने त्यांना शिकवलं नसतं. म्हणून आनंदराव नागपूरला सरकारी सुतारवर्गात दाखल झाले आणि पुढे या कार्यशाळेत लागले.

फर्म्यासाठी कुणाच्या तरी पावलाचं माप हवं होतं. आनंदरावांनी एका दुपारी आपल्या बायकोला, तुळसाबाईंना, कागदावर उभं केलं.

"अवो, माहाच पाय काहून?" तुळसाबाई लाजून म्हणाल्या.

"तुहा पाय सरळ हाय वं. हालू नको."

त्या हसल्या आणि हालल्या. रेघ वाकडी गेली. दुसरा कागद घ्यावा लागला. त्या दुसऱ्या कागदावरून मी जन्मलो. सुलटा ठेवला की उजवा पाय, पालथा घातला की डावा. पुढे आनंदरावांनी माझ्यावरून एक मोठा आणि एक लहान फर्मा केला, आणि मोठ्या माणसांची तीन मापं झाली.

त्यानंतरची एकवीस वर्षं मी कामात होतो. गिरणीतले कामगार आले, शेतात राबणाऱ्या बायका आल्या, रेल्वेचे गँगमन आले. एक गँगमन नवा पाय बांधून भिंतीला धरत उभा राहिला, मग भिंत सोडली, मग दारापर्यंत गेला. तिथून वळून त्याने आनंदरावांकडे पाहिलं. असं मी पुष्कळदा पाहिलं, तरी कधी सरावाचं झालं नाही. मुंबईहून आलेल्या एका मोठ्या डॉक्टरांनी मला उजेडात धरून विचारलं होतं, "हा कुणी केला?" आनंदराव नुसते मान खाली घालून उभे राहिले.

१९८५च्या हिवाळ्यात खाप्याहून कौसल्या नावाची बाई आली. कडेवर सहा वर्षांची मुलगी, प्रेमलता. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरखाली येऊन पोरीचा डावा पाय घोट्यापासून तुटला होता.

"दादा, पोरीले पाय पाहिजे," कौसल्या म्हणाली.

आनंदरावांनी हातातली कानस खाली ठेवली. "बाई, लेकराइचा पाय इथं नाही बनत. मोठ्याइचेच तीन मापं हायेत."

"काहून पन?"

"लेकरू वाढते नं. एका पोराचा केला होता मी. मोठ्याइचे चाळीस पाय अगोदरचे होते, त्याच्यातून येळ काढून नवा फर्मा करावा लागला. पाय तयार झाला तवा पोरगं त्याच्याहून मोठं झालं होतं. तो पाय मी त्याच्या हातात देल्ला, अन तो घेऊन तसाच गेला."

प्रेमलता आईच्या कडेवरून उतरली. मी जमिनीवर ठेवलेल्या फळीवर पडलो होतो. तिने आपलं चांगलं पाऊल माझ्यावर ठेवून पाहिलं. तिची बोटं माझ्या पाऊण लांबीलाच संपली.

"मी मोठी झाल्यावर येतो मंग," ती म्हणाली, आणि आईचा हात धरून लंगडी घालत निघाली.

त्या दिवशी आनंदरावांनी डबा उघडला नाही.

त्याच आठवड्यात अरुंधतीबाई आल्या. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात त्या इंजिनीअर होत्या. त्यांच्या खात्यातल्या एका कामगाराचा पाय मोटारसायकलच्या अपघातात गेला होता, त्याला भेटायला आल्या होत्या. आनंदराव माझ्या कडेने पेन्सिल फिरवताना त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"आमच्याकडे एक मशीन आहे," त्या म्हणाल्या. "त्याला रेघ कळत नाही, आकडे कळतात. कागदी फितीवर भोकं पाडून आकडे द्यायचे, की ते लाकूड कापतं. ओतकामाचे लाकडी नमुने आम्ही त्याच्यावरच करतो."

आनंदरावांची पेन्सिल थांबली. "बाई, त्याच्यात लहान-मोठं करता येते का?"

"हो. सगळ्या आकड्यांना एकाच आकड्याने गुणायचं. आकार तोच राहतो, माप बदलतं."

"लहान लेकराएवढं?"

"हव्या तेवढं."

अरुंधतीबाईंच्या साहेबांनी दोन रविवार मशीन वापरायला परवानगी दिली. दोनच, कारण पुढे कारखान्याचं काम उभं होतं. पहिल्या रविवारी सकाळी आनंदरावांनी मला टॉवेलात गुंडाळलं, सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि हिंगण्याला नेलं.

अरुंधतीबाईंनी मला एका लोखंडी पाटावर घट्ट बसवलं. एक बारीक सुई माझ्या कडेला टेकवायची, आकडा वाचायचा, सुई जरा पुढे न्यायची. त्या वाचत होत्या आणि आनंदराव वहीत लिहीत होते. आडवा आकडा, उभा आकडा. टाचेपाशी ठिपके दूर दूर, बोटांपाशी दाट. दोन तासांनी माझी कड पूर्ण झाली. एकशे अठ्ठ्याऐंशी ठिपके. आनंदरावांनी वहीची पानं उलटून पाहिली. तुळसाबाईंचं पाऊल त्या पानांत होतं, पण त्यात पाय कुठेच दिसत नव्हता.

मग फीत तयार झाली. ती यंत्रात सरकू लागली आणि यंत्राचं पातं आपोआप लाकडाकडे गेलं. मित्रांनो, मी तेव्हा टेबलावर होतो. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं, मला कुणी हात लावत नव्हतं, आणि समोर माझी टाच लाकडातून बाहेर येत होती. मग खळगा आला, मग अंगठा. आनंदराव एक पाऊल मागे सरकले. त्यांनी नकळत हात जोडले होते.

पण पातं थांबल्यावर त्यांनी तो तुकडा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, हा पाय माहा नाही."

"आनंदराव, मी मोजलंय. फर्म्यात आणि यात केसाचा फरक नाही."

"फर्म्याचा हाय. पन माहा नाही." त्यांना त्याहून जास्त सांगता येईना. ते ओशाळले. "चुकलं असंन माहंच."

अरुंधतीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही नुकताच केलेला एखादा पाय आहे?"

दुसऱ्या रविवारी आनंदराव हाताने केलेला पाय घेऊन गेले. बाईंनी त्याचीही कड सुईने मोजली आणि दोन्ही आकार आलेखाच्या एकाच कागदावर काढले, माझा निळ्या शाईने, त्यांच्या हाताचा लाल शाईने. लाल रेघ सगळीकडे निळ्याच्या जराशी बाहेर होती. एकवीस वर्षांच्या पेन्सिलींनी आणि सुऱ्यांनी माझी कड झिजली होती. मी दर वर्षी थोडा अरुंद होत गेलो होतो, आणि आनंदरावांचा हात दर वर्षी तेवढीच भर घालत आला होता. मला ते कधी कळलं नाही. त्यांनाही नाही.

पण करंगळीच्या खाली, बाहेरच्या बाजूला, लाल रेघ चांगली तीन मिलिमीटर पुढे गेली होती.

"इथे इतकं जास्त का?" बाईंनी विचारलं.

"मी तं कईच जास्त ठेवलं नाही."

"सगळीकडे फरक थोडा आहे. इथेच तिप्पट आहे. आठवून पाहा."

आनंदराव त्या लाल रेघेकडे पाहत राहिले. मग ते अचानक खाली, कारखान्याच्या फरशीवर, उकिडवे बसले. चुलीपुढे बाई बसते तसे, पऱ्हाटीत, कपाशीच्या शेतात, निंदायला बसते तसे. त्यांनी स्वतःच्या पावलाकडे पाहिलं. सगळा भार बाहेरच्या कडेवर, करंगळीच्या खाली आला होता.

"दुरुस्तीले येते नं पाय," ते बसल्या बसल्याच सावकाश म्हणाले, "ते इथंच फाटून येते. बायाइचे तं हमेशा. म्हनून हात इथं लाकूड सोडत गेला असंन." त्यांनी वर पाहिलं. "बाई, हे मले माहीत हाय, हे मलेच माहीत नव्हतं."

अरुंधतीबाईंनी माझ्या आकड्यांची पानं उलटली आणि लाल रेघेचे आकडे नव्या पानावर लिहायला घेतले. पुन्हा एकशे अठ्ठ्याऐंशी ठिपके.

प्रेमलताच्या चांगल्या पावलाचं माप खाप्याहून सुताच्या दोरीवर घेऊन मागवलेलं होतं. बाईंनी कॅल्क्युलेटरवर एकेक आकडा गुणून लहान केला. "लेकराची टाच गोल राह्यते," आनंदराव म्हणाले, तेव्हा टाचेचे अकरा आकडे बदलले. प्रेमलताला डावा पाय हवा होता. मला पालथं घालावं लागलं असतं. बाईंनी यंत्रावरचा एक खटका फिरवला, आणि उजवा पाय डावा झाला. आनंदरावांनी तो खटका दोनदा बोट लावून पाहिला.

दिवस मावळायच्या आत एक छोटा डावा तळवा कापून झाला. आनंदरावांनी कडेवरून अंगठा फिरवला. टाच, खळगा, करंगळीची बाजू. मग तो बाईंच्या हातात दिला.

"आता माहा हाय," ते म्हणाले.

वरची गोलाई त्यांनी कार्यशाळेत कानशीने काढली, पट्टे लावले, आणि आठव्या दिवशी प्रेमलता आली. पाय बांधून झाल्यावर कौसल्याने तिला धरायला दोन्ही हात पुढे केले.

"नको धरू," प्रेमलता म्हणाली. ती उभी राहिली. एक पाऊल टाकलं, डगमगली, सावरली. मग खोलीच्या मधोमध थांबून तिने लाकडी पाय जमिनीवर आपटला, आणि पुन्हा आपटला. त्या आवाजाने ती खदखदून हसली. आनंदराव खिडकीकडे तोंड करून उभे होते.

पुढे त्या आकड्यांवरून लहान-मोठ्या सगळ्या मापांचे नवे फर्मे झाले, आणि मी बाकाखाली पडलो. कुणी माझ्यावर सरस ढवळला, कुणी मला पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवलं. मला दुःख झालं, हे मी लपवत नाही. सत्त्याऐंशी साली आनंदराव निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी मला शोधून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि भिंतीवरच्या फळीवर नीट ठेवलं.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या असं आमच्यासारखे सगळेच सांगतात. मी आणखी एक सांगतो. तुमच्या घरात, गल्लीत कुणाचे तरी हात वर्षानुवर्षं एखादं काम करत असतील. त्या हातांना काय काय ठाऊक आहे, हे त्या माणसालाही ठाऊक नसतं. ते हात चालताहेत तोवर शेजारी बसा. "इथेच जास्त का?" एवढं विचारा, आणि उत्तराची वाट पाहा.

प्रेमलता दर हिवाळ्यात येते. दर वेळी तिला नवा पाय लागतो, आणि जुना ती आपल्या हाताने माझ्या शेजारी फळीवर ठेवते. आता तिथे तीन पावलं आहेत. पहिलं माझ्या पाऊणपट, पुढचं त्याहून मोठं, तिसरं त्याहूनही. सगळी डावी, एकामागे एक. कार्यशाळेत कुणी नसलं की मी त्यांच्याकडे पाहतो, आणि एक मूल माझ्या समोरून चालत चालत मोठं होत असतं.