मालकावर दगड फेकण्याचा प्रसंग

पाटी. टेक पहिला.

मालक सज्जात येतो. पांढरा सूट, हातात चाबूक. खाली अंगणात आम्ही मजूर, मुठीत दगड. दगड बुचाचे, वरून रंग दिलेले. दिग्दर्शकाने हात खाली केला की ते मालकावर फेकायचे आणि दार फोडून घरात घुसायचं.

इटालियन दिग्दर्शकाने हात खाली केला. आम्ही टोप्या काढल्या.

थांबा.

कुणी ठरवलं नव्हतं. सज्जाचं दार वाजलं, पांढरा सूट दिसला, दगड काखेत गेले, टोप्या हातात आल्या, माना खाली. त्याच सज्जाखाली आमचे बाप असेच उभे राहायचे.

कारण घर खरं होतं. अल्मेरियाच्या माळावरचं, डॉन लेआंद्रोचं. सिनेमात ते मेक्सिकोतल्या उसाच्या मळ्याचं घर झालं होतं. ऊस म्हणून कोरड्या ओढ्यातले बोरू आणून रोवले होते, ते दुपारपर्यंत माना टाकायचे. आम्हीही खरे होतो, वर्षभर त्याच माळावर दोर वळायचं गवत उपटणारे. खोटा होता फक्त सज्जातला. बाल्तासार, माद्रिदचा नट. इतकी वर्षं सिनेमात क्रूर मालक होऊन मरत आला होता की त्याचे गुडघे गेले होते.

खरा मालक कॅमेऱ्याशेजारी कापडी खुर्चीत बसला होता. बघत.

टेक दुसरा.

टोप्या हनुवटीखाली दोरीने बांधल्या. त्यामुळे त्या निघाल्या नाहीत. दगडही निघाले नाहीत.

"काय चाललंय हे?" दुभाष्या म्हणाला. "हा नीच माणूस आहे. तुमच्या पोरी पळवल्यात याने. विहिरीत विष कालवलंय."

"यांनी?" माझी बायको अंगुस्तियास म्हणाली. "यांनी तर सकाळी मला बसायला जागा दिली."

सगळे हसले. डॉन लेआंद्रोही हसला, तेव्हा आम्ही हसायचं थांबलो.

टेक तिसरा. चौथा.

तेच.

मधली सुट्टी.

बाल्तासार खाली येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसला. गुडघा चोळत म्हणाला, "बास्तियान, मला मारत का नाही तुम्ही? बाकी सगळीकडे मारतात. एका गावात तर खरे दगड आणले होते."

"तुम्हाला मारायला आमची काय हरकत, साहेब. पण तुम्ही उभे आहात त्यांच्या जागेवर."

त्याने खुर्चीकडे पाहिलं. "तो लक्षात ठेवील?"

"ते आम्हा सगळ्यांना नावाने ओळखतात."

"नावाने ओळखणारे फार वाईट," बाल्तासार म्हणाला. "तशी भूमिका मला कुणी दिली नाही अजून."

आमची खोली डॉन लेआंद्रोची होती. तीत अंगुस्तियासची आई अंथरुणाला खिळलेली. तो 'निघा' म्हणाला तर म्हातारीला खाटेसकट कुठे न्यायचं, हा प्रश्न रोज आमच्या पंगतीला बसायचा. प्रत्येकाच्या घरी असा एक पाहुणा होताच.

बाल्तासारने इटालियनाला खुर्ची हलवायला सांगून पाहिलं. इटालियन म्हणाला, घर त्याचं, त्याला कसं उठवू?

टेक पाचवा.

ऊन उतरायला लागलं होतं. डॉन लेआंद्रोला भूक लागली असावी. तो उठला.

"मारा रे, गाढवांनो. मी सांगतोय ना? मारा."

आणि आम्ही मारले. काय मारले. बुचाच्या दगडांनी सज्जा दिसेनासा झाला. बाल्तासार तोंडावर हात घेऊन कठड्यावरून गादीवर पडला, आम्ही दार पाडलं, आत घुसलो, मी शिवीही दिली. इटालियनाच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉन लेआंद्रो टाळ्या वाजवत म्हणाला, "बघितलंत? माझी माणसं आहेत."

कॅमेरा दाराकडे होता. अंगणात अंगुस्तियास तशीच उभी राहिली, हातात दगड, विहिरीवर पाळी यायची वाट बघत असावी तशी. कुणाला दिसली नाही. एकाला दिसली.

"अंगुस्तियास, तू मारला नाहीस."

"नाही, मालक."

"मी म्हटलेलं ऐकू आलं नाही?"

"आलं."

"मग?"

"दमलेय, मालक."

मी धावत आलो. "तिला सकाळपासून चक्कर येतेय."

"चक्कर नाही येत," ती म्हणाली. "दमलेय."

"मग आता मार," डॉन लेआंद्रो म्हणाला. "बघतो मी."

गादीवरून बाल्तासार हाताच्या आधाराने उठायला लागला. "मी राहतो उभा, बाई. मारा. मला काही लागत नाही."

अंगुस्तियासने दगड पायरीवर ठेवला, अंडं ठेवावं तसा. "नका हो उठू. तो गुडघा बघा आधी."

पाटी नाही.

रविवारी मुकादम हिनेस दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"संत योहानच्या सणाआधी खोली मोकळी करा म्हणतात. मी काय करू, बास्तियान? मी निरोप्या."

"ये, पाणी पी," अंगुस्तियास म्हणाली.

"नको."

"पी रे. चालत आलायस."

तो प्यायला, आणि गेला.

"एक दगड," मी तिला म्हणालो. "तोही बुचाचा."

"हो."

"सगळ्यांनी मारला. मी मारला."

"तुला सांगितलं, तू मारलास. गवत उपटायला सांगितलं, उपटलंस. मीही उपटलं. पण राग काढायचा तोही त्यांनी सांगितल्यावर?" ती म्हातारीची चादर झटकत होती. "तेवढं नाही जमलं मला. जाऊ दे. दोरी कुठे ठेवलीस?"

खाट गाडीवर चढवून बांधली, म्हातारी खाटेवरच. नीहार गावात अंगुस्तियासची बहीण राहते, तिकडे निघालो. खेचर आणि गाडी हिनेसने दिली, मालकाला न विचारता.

वाटेत म्हातारीने विचारलं, "केलंत तरी काय तुम्ही?"

"मी मालकावर दगड फेकला."

"अरे देवा. आणि हिने?"

"हिने नाही फेकला."

"मग काढलं कुणाला?"

"दोघांना."

"हिलाच विचारते," म्हातारी म्हणाली. पण अंगुस्तियास खाटेच्या कडेला डोकं टेकून झोपली होती, तोंड उघडं टाकून. गेल्या कित्येक दिवसांत ती दिवसाची झोपलेली मी पाहिली नव्हती. पुढे उतार होता, खडकाळ. मी खेचराचा लगाम आखडून धरला आणि त्याला हळू चालवलं.