मिनाकोची व्हॅन

मी एक जुनी जपानी व्हॅन आहे. एका जागी उभं राहणं मला जमत नाही, आणि शारजाच्या या गॅरेजमध्ये तर मी पाच आठवडे उभी होते. टायर नुसते शिवशिवत होते म्हणा ना!

मित्रांनो, माझी मालकीण मिनाको तोगावा. गावोगावच्या उत्सवांत ती गायची, तेव्हा तिने मला घेतलं. दोन वर्षं तिचं नाव गाजलं. मग टीव्हीवर तिला एका इन्स्पेक्टरच्या बायकोचं काम मिळालं. मालिका अकरा वर्षं चालली. लोक तिला गाठून इन्स्पेक्टरची खुशाली विचारायचे, गाणं कुणी मागेना. तिला ते फार लागायचं. शूटिंगला जाता-येता ती स्वतः रचलेली गाणी एका कॅसेटवर भरायची, माझ्या प्लेअरमध्ये लावायची आणि स्वतःलाच नाक मुरडायची. मला मात्र ती गाणी आवडायची.

पुढे तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. ती हॉस्पिटलमध्ये असतानाच तिच्या मॅनेजरने मला परस्पर शारजाला विकलं. कॅसेट आतच राहिली. जहाजात मी सारखी चरफडत होते.

इथे उजवीकडचं स्टिअरिंग डावीकडे नेल्याशिवाय मला रस्त्यावर सोडणार नव्हते. म्हणून इथले मेकॅनिक, रत्नागिरीचे हमीदभाई आणि युसुफचाचा यांनी माझा डॅशबोर्ड उचकटला. जपानी गाड्यांत जे सापडेल ते ही मंडळी सरळ कचऱ्याच्या पिंपात टाकतात.

"खलास, चाचा. टाका ती कॅसेट," हमीदभाई म्हणाले.

"रुक जा हबीबी. आधी ऐकू तरी!"

तारा जोडून त्यांनी ती वाजवली. शब्द एकही कळला नाही, पण चाचा हातात पाना धरून उभेच राहिले. मग त्यांनी कॅसेटवरच्या, तिचं नाव लिहिलेल्या लेबलाचा फोटो मला इथे पाठवणाऱ्या जपानच्या एजंटला पाठवला.

चार दिवस माझ्या जिवाची नुसती घालमेल झाली. पाचव्या दिवशी निरोप आला. मिनाकोला आता गाता येत नाही, कुजबुजण्यापुरता आवाज उरला आहे. तिने लिहिलं होतं, "कॅसेट पाठवा. पण आधी एकदा गाडीतच बसून, दारं लावून वाजवा. माझी प्रत्येक चूक त्या गाडीने ऐकली आहे. माझं गाणं कुणीतरी बसून ऐकतंय, हेही तिला कळू दे."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी फक्त त्या दुपारचं सांगते. ऑगस्ट महिना होता, माझा एसी बंद होता. दोघे घामाने निथळत आत बसले होते, आणि कॅसेट संपेपर्यंत कुणीही दार उघडलं नाही.